ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड

जाहिरात मीच लिहिली. जुनी मसल कार, काम अपूर्ण. इंजिन पूर्ण रिबिल्ट, स्टँडवर, अजून सुरू केलेलं नाही. गाडी आणि इंजिन एकत्रच विकायचं आहे. नवऱ्याने ती वाचली आणि मोठ्याने तिचं मराठी केलं, "अर्धवट गाडी विकणे आहे." वर म्हणाला की गाडी अर्धवट असली तर हरकत नाही, पण मालकीणही तशीच आहे हे लोकांना इतक्यात कळायला नको. पुण्याचा आहे तो, एवढं ऐकायची सवय आहे मला. मी नागपूरची, त्यामुळे मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मसल कार म्हणजे काय, हे आमच्या मंडळातल्या बायकांना सांगून सांगून मला तोंडपाठ झालंय. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत या गाड्यांचं वेड होतं. दोन दारं, अंग बेताचं आणि पुढे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. पेट्रोल पाण्यासारखं पितात, वळताना रुसतात आणि सुरू झाल्या की कानांआधी छातीत ऐकू येतात. माझी गाडी मला टेक्सासात, आमच्या फ्रिस्कोच्या उत्तरेला तासाभरावर एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळाली. सीटमध्ये उंदरांचा संसार, फ्लोअरला हात आरपार जाईल एवढी भोकं आणि इंजिन गंजून जाम झालेलं. नवऱ्याला वाटलं होतं आपण जुना सोफा बघायला चाललोय, कारण मी त्याला तसंच सांगितलं होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीसची होते आणि वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. डिग्री माझी मेकॅनिकलची. वर्गात आम्ही तीन मुली होतो. कारखान्यांच्या जाहिरातींत तेव्हा 'फक्त पुरुष उमेदवार' असं सरळ छापलेलं असायचं, म्हणून तिघीही कॉम्प्युटरकडे वळलो. पुढे लग्न, व्हिसा, टेक्सास, घर, मुलगी. मला काही वाईट मिळालं असं नाही. पण हातात धरता येईल असं काहीही मी आयुष्यात बनवलं नव्हतं आणि ते मला डाचत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. गाडी आणली.

खरं तर इंजिनांची ओळख मला कॉलेजच्याही आधीची. माझे बाबा नागपुरात ट्रकच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला सोबत न्यायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. इंजिन उघडलं की एकेक भाग गोणपाटावर मांडायचा आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या लिहिणं माझं काम. पाना हातात घ्यायला मला परवानगी नव्हती, फक्त पेन. मी मागितला की बाबा म्हणायचे, तू लिही, लिहिणारा नसला तर उघडलेलं काही परत बसत नाही. त्यांनी ते मला खूश करायला म्हटलं असेल, पण मी ते खरं मानलं. बाबा सांगायचे आणि मी लिहायची: ड्रा. १, ड्रा. २, क्ली. १, क्ली. २. ड्रा. म्हणजे ड्रायव्हर साइड आणि क्ली. म्हणजे क्लीनर साइड. आपल्याकडे ट्रकची अख्खी भाषाच अशी आहे. डावं-उजवं कुणी म्हणत नाही, कारण समोरून बघणाऱ्याचं डावं वेगळं आणि आत बसलेल्याचं वेगळं. ड्रायव्हर मात्र कुठूनही बघा, ड्रायव्हरच्याच जागी असतो.

तर मी माझं इंजिन उघडलं तेव्हा हेच केलं. फरक एवढाच की गोणपाटाऐवजी गॅरेजमध्ये जुनी चादर होती, चिठ्ठ्यांऐवजी झिपच्या पिशव्या होत्या आणि पाना माझ्याच हातात होता. प्रत्येक पिशवीवर मी मराठीत लिहिलं. नुसतं ड्रा. आणि क्ली. नाही, मनात येईल ते. 'हा बोल्ट नालायक आहे, गरम करून काढावा.' 'दोन वॉशर, एक हरवलाय, नवऱ्याला विचारू नये.' मुलगी तेव्हा शाळेत होती. ती वाचायचा प्रयत्न करायची आणि म्हणायची, "मॉम, धिस इज नॉट अ लेबल, धिस इज अ डायरी."

ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याची, भोकं मोठी करून घ्यायला मी तो एका मशीन शॉपमध्ये दिला, ते खरं. तसलं मशीन घरी नसतं. बाकी सगळं मी केलं. पिस्टन मी बसवले, बेअरिंगची फट मी मोजली, एकदा नाही तीनदा. प्रत्येक बोल्ट पुस्तकात दिल्याइतकाच आवळला. हळदीकुंकवाला गेले की बायका माझा हात हातात घेऊन अत्तर लावायच्या आणि माझ्या नखांकडे बघून गप्प व्हायच्या. एकीने शेवटी विचारलंच की हे जात नाही का. मी म्हटलं, जातं की, पण मला घाई नाही.

सात वर्षं लागली. अधेमधे मुलीच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, माझी गेलेली नोकरी आणि मिळालेली नोकरी असं सगळं होतं. गाडीचं अंग मात्र मागेच राहिलं. फ्लोअर झाला, दारं झाली, पण रंग नाही, आतलं काही नाही, वायरिंग नाही. इंजिन तेवढं तयार झालं आणि दोन वर्षं स्टँडवर प्लास्टिकच्या कव्हरखाली राहिलं. दर रविवारी मी कव्हर काढायची, ते हाताने थोडं फिरवायची आणि पुन्हा झाकायची. नवरा म्हणायचा की देवघरातल्या देवांचंही आपण इतकं करत नाही.

मग माझी नोकरी पार दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला हलली. माझी, त्याची नाही, हे आवर्जून सांगते. त्याचं काम कुठूनही चालतं. बेलव्ह्यूत आम्हाला परवडणारं होतं ते तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट आणि खाली एका गाडीपुरती आखलेली जागा. घर विकायला काढणाऱ्या बाईंनी सांगितलं, तीन आठवड्यांत गॅरेज रिकामं करा, लोकांना गॅरेज बघायचं असतं, तुमचं गॅरेज म्हणजे भंगारचं दुकान वाटतं. मी ते ऐकून घेतलं. गाडी जाणार हे मला कळत होतं आणि त्याचं मला फार दुःखही नव्हतं. पण इंजिन गाडीसोबतच जायला हवं होतं, आणि घेणाऱ्याने ते तिच्यात बसवून चालवायला हवं होतं. ते कुणी काढून बाजूला टाकलं असतं तर माझी सात वर्षं बाजूला पडली असती. ही एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

पहिला आला तो तिशीचा होता. गाडी त्याला फार आवडली. इंजिनाकडे बघून म्हणाला, हे तुम्ही ठेवा, मी हिच्यात नवं कॉम्प्युटरवालं इंजिन टाकणार आहे. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. दुसरा जरा माहितगार निघाला. त्याने स्टँडभोवती फेरी मारली आणि नवऱ्याला विचारलं की मोटर कुठल्या शॉपने बांधली. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसला. त्याला वाटलं नवरा गंमत करतोय. मग त्याने पुन्हा नवऱ्यालाच विचारलं की शॉपची पावती आहे का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला की गाडीचे पैसे देतो, इंजिनाचे लोखंडाच्या भावाने देतो. माझं डोकंच फिरलं. मी खिशातलं रिमोट दाबून गॅरेजचं दार खाली केलं. तो आतच होता हे माझ्या नंतर लक्षात आलं, मग उघडावं लागलं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, एकदा सुरू करून का दाखवत नाहीस? आवाज ऐकला की तोंडं बंद होतील." मी त्याला कारण सांगितलं, जे मी सगळ्यांना सांगायची. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो. त्याच्यावर उंचवटे असतात आणि त्यांनी सगळे व्हॉल्व्ह उघडतात. तो नवा असताना त्याला जाड ग्रीस लावलेलं असतं. इंजिन पहिल्यांदा लगेच पेटलं आणि वीस मिनिटं एका वेगात फिरलं की ते उंचवटे नीट घासून बसतात, मग चिंता नाही. पण पेटलं नाही आणि नुसतं स्टार्टरने गरगर फिरवत बसलं, की ग्रीस पुसलं जातं आणि दांडा खरवडून निघतो. म्हणजे पहिली सुरुवात एकदाच होते, ती ज्याची त्याने गाडीत बसवल्यावर करावी. कारण अगदी बरोबर होतं. आणि तरी ते खोटं होतं. खरं हे की मला भीती वाटत होती. जोवर ते सुरू केलं नव्हतं तोवर ते उत्तम इंजिन होतं. मी दोन वर्षं ते कव्हर जपत होते ते धुळीसाठी नाही.

तिसरे गृहस्थ आले ते सत्तरीच्या पुढचे. उंच, दोन्ही कानांत यंत्रं, जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेले. इथे त्यांना कुणी काका म्हणणार नाही, पण माझ्या मनात ते पहिल्या पाच मिनिटांतच काका झाले, कारण त्यांनी गाडीखाली शिरण्याआधी चष्मा काढून रुमालात गुंडाळून ठेवला. माझे बाबा तसंच करायचे. गाडी त्यांना पसंत पडली. फ्लोअरचं वेल्डिंग त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. मग इंजिनाकडे आले आणि त्यांनीही नवऱ्यालाच विचारलं, कुणी बांधलं. नवऱ्याने पुन्हा बोट दाखवलं. काका हसले नाहीत. पण त्यांना ते पटलंही नाही, ते दिसत होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, सुरू करून दाखवा. सुरू झालं तर दोन्ही घेतो आणि हेच इंजिन हिच्यात बसवतो. नाही झालं तर नुसती गाडी घेतो.

मी म्हटलं, शनिवारी सकाळी या. बोलून तर गेले.

चार दिवस ऑफिस संपलं की मी गॅरेजमध्ये. स्टँडला रेडिएटर जोडला, पंखा जोडला, बॅटरी, पेट्रोलचा छोटा कॅन, तेलाच्या दाबाचा काटा, आवाजासाठी दोन सायलेन्सर. ड्रिल लावून तेल आधीच सगळीकडे फिरवून घेतलं. स्पार्क प्लगच्या वायरी अजून जोडायच्या होत्या. आठ सिलिंडर, दोन बाजूंना चार-चारच्या रांगा, आठ वायरी, आणि कुठली वायर कुठे जाते याच्यात चूक करून चालत नाही, कारण सिलिंडर ठरलेल्या क्रमाने पेटायला हवेत. पुस्तकात तो क्रम छापलेला असतो. मी पुस्तक उघडलं नाही. मला काय गरज? उघडतानाच मी जुन्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या होत्या, ड्रा. आणि क्ली., एक ते चार. त्याच सोडवून नव्या वायरींना बांधल्या आणि त्या बघून वायरी लावल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या अक्षराचं मला फार कौतुक वाटलं.

शनिवारी काका ट्रेलर घेऊनच आले. म्हणजे गाडी तरी ते नेणारच होते. मी आणि नवऱ्याने स्टँड ढकलत ड्राइव्हवेवर आणला. नवऱ्याने नवीन घेतलेला आग विझवायचा सिलिंडर हातात धरून पवित्रा घेतला. शेजारच्या घरी मुलाकडे आलेल्या एक काकू साडी आणि वॉकिंग शूज अशा वेशात फेरफटका मारत होत्या, त्या आमच्यापाशी थांबल्या आणि मग हलल्याच नाहीत. मी काकांना आठही सिलिंडर, वायरी, सगळं दाखवलं, मनात बाबांना नमस्कार केला आणि बटण दाबलं.

इंजिन फिरलं. मग फाट्कन आवाज झाला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर ज्वाळ निघाली. नवरा दोन पावलं मागे गेला, सिलिंडरसकट. मी थांबले. थांबायलाच हवं होतं. पण लोक बघतायत, काका बघतायत, आणि माझा स्वभाव हा असा. मी पुन्हा दाबलं. फट्, फट्, सायलेन्सरमधून काळा धूर. तिसऱ्यांदा मी बोट उचललं तर बटणावर काकांचा पंजा होता.

"मॅम, आता थांबा," ते म्हणाले. "आणखी फिरवलंत तर दांडा जाईल."

हे मला ते सांगत होते. मला, जी दोन वर्षं जगाला हेच सांगत होते. काकूंना आमच्या इंग्रजी बोलण्यातला एकच शब्द कळला असावा. त्यांनी काळजीने विचारलं, "सिलिंडर संपला का गं?" एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी मला रडू येत होतं, आणि ते काकांसमोर येऊ नये म्हणून मी उगाच वायरी चाचपत होते.

काका वाकून त्या वायरी बघत होते. प्रत्येक वायरीवर माझी चिठ्ठी. त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, आमच्या भाषेत लिहिलंय, ड्रायव्हर साइड. आणि बोलताबोलता हात केला. उजवीकडे.

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि डाव्या रांगेतल्या त्या चिठ्ठीकडे. मग शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे ड्रायव्हर तिकडे बसतो?"

अरे बाप्पा. सगळं एकदम कळलं. इंजिन उघडताना मी चिठ्ठ्या लिहिल्या त्या बाबांच्या वर्कशॉपमधल्या मुलीने लिहिल्या होत्या. तिच्यासाठी ड्रायव्हर उजवीकडे, क्लीनर डावीकडे, विषय संपला. आणि या आठवड्यात त्या वाचून वायरी लावल्या त्या अठरा वर्षं डावीकडच्या सीटवर बसून ड्राइव्ह करणाऱ्या बाईने. तिच्यासाठी ड्रायव्हर डावीकडे. लिहिणारी मीच, वाचणारीही मीच, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. डाव्या रांगेच्या चारही वायरी उजवीकडे गेल्या होत्या आणि उजव्या रांगेच्या डावीकडे. बाकी भाग नवे होते किंवा एकाच बाजूला बसणारे होते, त्यामुळे घोळ वायरींपुरताच होता. पण असला घोळ इथल्या कुठल्याही मेकॅनिकने जन्मात केला नसता. क्लीनर साइड म्हणजे काय हेच इथे कुणाला माहीत नाही.

मी काकांना ते सांगितलं. लपवून काय करणार? ट्रक, क्लीनर, बाबा, गोणपाट, सगळं उभ्याउभ्या सांगितलं. क्लीनर म्हणजे ट्रकवर ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि त्यातला क्रम एकेक आकडा मोठ्याने वाचत आठही वायरी नव्याने लावल्या. काका मदतीला पुढे झाले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले आणि मी केलेलं तपासत गेले. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी बटण दाबलं. इंजिन पुरता एक फेरा फिरलं की नाही कोण जाणे, पेटलं. एकदम, सगळं, आठही. त्या आवाजाचं मी काय वर्णन करू? ड्राइव्हवेचं काँक्रीट पायाखाली थरथरत होतं. मी वेग वाढवून ठेवला, दिव्याखाली ठिणगीचं टायमिंग बघितलं, वायरी जिथून निघतात तो डबा हाताने किंचित फिरवून ते जुळवलं. तेलाचा काटा वर जाऊन ठाम उभा राहिला. काकूंनी दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि त्या हसत होत्या. समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. कॉलनीच्या असोसिएशनचा तो सेक्रेटरी. आता नोटीस येणार म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तर तो फोनवर व्हिडिओ काढत होता.

वीस मिनिटं. मी त्यातलं एक मिनिटही हलले नाही. मला बाबा दिसले किंवा कुणी दिसलं असं काही झालं नाही. मला माझं इंजिन दिसत होतं, मी बांधलेलं, आणि ते चालत होतं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. माझी मान ताठ झाली होती आणि मला सगळ्या जगाने तिकडे यावं असं वाटत होतं. नखांबद्दल विचारणारी ती बाई तर हवीच होती.

मी ते बंद केलं. शांततेत रेडिएटरच्या पंख्याची पाती हळूहळू थांबली. काका म्हणाले, ठरल्याप्रमाणे दोन्ही घेतो. नवऱ्याने सिलिंडर खाली ठेवला आणि त्यांच्याशी हात मिळवायला पुढे झाला.

आणि मी म्हटलं, थांबा.

नवऱ्याने माझ्याकडे जे डोळे वटारले ते मला अजून आठवतात. पण मला राहवेना. दोनदा मी ते उगाच फिरवलं होतं, माझ्या हट्टापायी. दांड्याला ओरखडा गेला असेल तर तो आज कळणार नाही, पाचशे मैलांनी कळेल, आणि तेव्हा हा माणूस म्हणेल की त्या बाईने बांधलं होतं ना, मग काय होणार. पैसे परत मागितले असते तर दिले असते. ते वाक्य मात्र मला सोसलं नसतं. मी काकांना म्हटलं की तेलाचा फिल्टर कापून बघू, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. दांडा खरवडला असेल तर त्याचं लोखंड तेलातून येऊन फिल्टरच्या कागदात अडकतं आणि चमकतं. त्यात लपवालपवी चालत नाही.

काकांनी भुवया वर केल्या. "मी हे मागितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मला माहितेय," मी म्हटलं.

गरम तेल काढलं. फिल्टर काढून पत्रा कापला, आत घड्याघड्यांचा कागद असतो तो सोडवून लांब केला आणि तो पसरायला घरातून पांढरं ताट आणलं. नवरा कळवळला, ते पाहुण्यांचं होतं. मी ते ताट उन्हात धरलं. टेक्सासचं बारा वाजताचं ऊन, एक कणही सुटला नसता. मी एका टोकापासून बघत गेले. ग्रीसचा राखाडी चिकटा, तो असतोच. चमक? एक घडी, दुसरी घडी, पाचवी, दहावी. चमक नव्हती.

काकांनी ताट माझ्या हातातून घेतलं. खिशातून लोहचुंबक काढला आणि कागदावरून सावकाश फिरवला, अगदी कडेपर्यंत. मग त्याच्या टोकाला लागलेला चिकटा बोटांत चोळला, उन्हात धरला, पुन्हा चोळला. मला ओरडावंसं वाटत होतं की बोला हो आता. शेवटी त्यांनी बोटं पँटला पुसली आणि नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळून विचारलं की दुसरं तेल किती मैलांनी बदलू. जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस मला विचारत होता. मी सांगितलं, पाचशे. त्यांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. मग विचारलं की व्हॉल्व्हची फट गरम असताना तपासायची की थंड. तेही लिहून घेतलं.

कागदांवर सह्या झाल्या. गाडी ट्रेलरवर चढली, इंजिन तिच्या मागे स्टँडसकट उभं करून चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलं. आवळायचं काम त्यांनी स्वतः केलं आणि मग मी पुन्हा एकदा तपासलं तरी त्यांना राग आला नाही. निघण्याआधी त्यांनी बायकोला फोन लावला. कानात यंत्रं असलेली माणसं फोनवर बोलतात तसे ते मोठ्याने बोलत होते, त्यामुळे अख्ख्या गल्लीने ऐकलं. पलीकडून तिने विचारलं असावं की गाडी घेतलीत का.

"मी इंजिन घेतलंय," ते म्हणाले. "हो, सोबत एक गाडीपण आहे."

ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाला. नवऱ्याने माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "काय म्हणाले गं ते?" तो माझ्याइतकाच जवळ उभा होता आणि त्याला सगळं नीट ऐकू आलं होतं. मी त्याला सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.